ताऱ्यांची साम्राज्ये आणि ताम्रपटातली माय



आज एका चमत्कारिक प्रश्नापासून आरंभ करू. माणूस १९६९ साली चंद्रावर उतरला. समजा, पुढेमागे तो ताऱ्यांपर्यंत पोचला आणि एका ताऱ्याजवळ बसून दुसऱ्या ताऱ्याजवळच्या जगावर राज्य करू लागला. त्या राज्याच्या गादीवर कोण बसेल? राजा की राणी? आणि राणी बसली तर कोणाच्या नावाने बसेल?

तुम्ही म्हणाल, इथे कापसाला भाव मिळेना आणि ही ताऱ्यांची उठाठेव कशाला? पण जरा थांबा. हा प्रश्न दिसतो तितका दूरचा नाही. नंदिवर्धन, माहूर आणि चांदा ह्या गावांवरून जाऊन तो अखेर आपल्याच ग्रामपंचायतीच्या दाराशी येतो.

ज्या गोष्टींत विज्ञानाच्या आधाराने उद्याचे जग कल्पिलेले असते त्यांना आपण विज्ञानकथा म्हणतो. त्यांतच एक प्रकार आहे ताऱ्यांच्या साम्राज्यांचा. हजारो जगे, त्यांवर एक सम्राट, त्याचे सुभेदार, फौजा, बंडे आणि तह. आपल्या बखरींतला सगळा सरंजाम तिथे असतो. फरक इतकाच की घोड्यांच्या जागी आकाशयाने असतात. शाळेच्या कपाटात अशी पुस्तके आता येऊ लागली आहेत, मुलांनी पडद्यावरही ती पाहिलेली असतात. एखादी चौकस मुलगी उद्या वर्गात विचारील, "बाई, ह्या राज्यांत राण्या कुठे आहेत?" तेव्हा उत्तर हाताशी असावे.

आपल्याकडेही असे कल्पनेचे मुलूख पूर्वीपासून आहेत. श्रावणात ज्या घरी नवनाथ भक्तिसाराचे पारायण होते त्या घराला स्त्रीराज्य नवे नाही. मच्छिंद्रनाथ त्या राज्यात जातात, तिथल्या मैनाकिनी राणीजवळ रमतात, आणि शिष्य गोरक्षनाथ त्यांना परत घेऊन येतो. अर्जुन आणि प्रमिलेची कथाही तुम्ही कीर्तनात ऐकली असेल. अश्वमेधाचा घोडा प्रमिलेच्या राज्यात शिरतो, ती तो अडवते, आणि शेवटी तिचे अर्जुनाशी लग्न होते. दोन्ही कथांत राज्य स्त्रियांचे आहे, पण कथा राज्याची नाही. तिथे गेलेल्या पुरुषाची आहे. ती राणी शेतसारा किती घेई, तंटा कसा तोडी, दुष्काळात काय करी, ह्याचा त्यांत पत्ता नाही. तो परत निघाला की राज्यही संपते.

आता ताऱ्यांकडे पाहू. आयझॅक असिमॉव्ह हे ह्या प्रकारातले मोठे नाव. त्यांच्या 'फाउंडेशन' मालेची पहिली कथा १९४२ साली छापली गेली आणि पहिले पुस्तक १९५१ साली निघाले. अवघ्या आकाशगंगेचे साम्राज्य कोसळते आहे, अशी ती भव्य कल्पना. लक्षावधी जगे मोजणाऱ्या त्या पहिल्या पुस्तकात स्त्री मात्र शोधून काढावी लागते.

मग १९६५ साली फ्रँक हर्बर्ट यांची 'ड्यून' ही कादंबरी आली. तिच्यात पुष्कळ स्त्रिया आहेत, आणि त्या बुद्धिमान आहेत. तेथल्या सम्राटाला पाच मुली आहेत, मुलगा नाही. तुम्हाला वाटेल, आता थोरली लेक गादीवर बसणार. तसे होत नाही. जो वीर लढाई जिंकतो तो थोरल्या राजकन्येशी नावापुरते लग्न करतो आणि गादी त्याच्याकडे जाते. इरुलान हे त्या राजकन्येचे नाव. तिच्या वाट्याला काय येते? इतिहास लिहिणे. कादंबरीच्या प्रकरणांच्या माथ्यावर तिच्याच लेखनातले उतारे दिले आहेत. हजारो वर्षांपुढचे जग, आणि त्यात लेकीचा उपयोग जावयाला गादी मिळवून देण्यापुरता! आपल्याकडची एखादी सोयरीक आठवावी असाच हा व्यवहार.

'स्टार वॉर्स' ह्या चित्रपटमालेत १९७७ साली राजकन्या लिया आली आणि १९९९ साली राणी अमिडाला. अमिडालाची एक गोष्ट नोंदण्यासारखी आहे. ती राणी आहे, पण जन्माने किंवा लग्नाने नव्हे. चौदाव्या वर्षी लोकांनी तिला निवडून दिले आहे. चौदाव्या वर्षी राणी म्हणजे गंमतच, परंतु निवडून आलेली राणी ही कल्पना लहान नव्हे. ती आपण ध्यानात ठेवू.

तेव्हा वाचकहो, ह्या गोष्टी पाहताना एक प्रश्न हाताशी धरावा. राणी आहे की नाही, एवढे विचारून भागत नाही. ती कोणत्या दाराने आत आली, हे विचारावे. पहिले दार लेकीचे: बापाचे नाव आणि त्याची सोयरीक. दुसरे दार आईचे: नवरा गेला, मुलगा लहान, म्हणून त्याच्या नावाने कारभार. तिसरे दार तिचे स्वतःचे. ही तीन दारे काही परदेशी गोष्टींतून आणलेली नाहीत. ती आपल्या विदर्भाच्या मातीत सापडतात, तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली. आता तिकडे जाऊ.

आपल्या जिल्ह्याच्या पश्चिमेला वाशीम. पुसद तालुका १९०५ सालापर्यंत वाशीम जिल्ह्यातच मोडत होता. जुन्या काळी वाशीमचे नाव वत्सगुल्म, आणि तिथे वाकाटक राजांची एक शाखा राज्य करी. त्याच वाकाटकांची दुसरी, थोरली शाखा रामटेकजवळ नंदिवर्धन येथे होती. आज ते गाव नगरधन ह्या नावाने ओळखले जाते. चौथ्या शतकाच्या अखेरीस ह्या नंदिवर्धनच्या राजवाड्यात एक लेक सून होऊन आली. तिचे नाव प्रभावतीगुप्ता. बाप कोण? गुप्तसम्राट दुसरा चंद्रगुप्त. आई नागकुळातली कुबेरनागा. नवरा वाकाटक राजा दुसरा रुद्रसेन. चंद्रगुप्ताला पश्चिमेकडच्या क्षत्रपांशी लढायचे होते आणि त्यासाठी दक्षिणेकडचा वाकाटकांचा शेजार आपल्या बाजूचा हवा होता. म्हणून ही सोयरीक झाली, असे इतिहासकार मानतात. म्हणजे पहिले दार, लेकीचे.

रुद्रसेन लवकर वारला. मुले लहान होती. थोरला दिवाकरसेन युवराज झाला आणि राज्याचा कारभार प्रभावतीने हाती घेतला. म्हणजे दुसरे दार, आईचे. तिचा एक ताम्रपट पुण्यातल्या एका तांबटाच्या घरून अभ्यासकांच्या हाती आला. तो नंदिवर्धनहून दिलेला आहे आणि त्यावर तेरावे वर्ष नोंदलेले आहे. म्हणजे निदान तेरा वर्षे ही बाई राज्य सांभाळीत होती. ताम्रपट कशाचा? एका आचार्याला एक गाव दान दिल्याचा. आज जसा महसूल खात्याचा हुकूम असतो तसाच तो हुकूम आहे: गावाची नोंद, दान घेणाऱ्याचे नाव, गावकऱ्यांना ताकीद.

त्या हुकुमाची मुद्रा पहा. वाकाटकांचे भूषण असलेल्या, क्रमाने राज्यलक्ष्मी लाभलेल्या युवराजाच्या आईचे हे शासन आहे, असा तिचा आशय आहे. हुकूम तिचा, पण मुद्रेवर ती आहे कोण? युवराजाची आई. तिला स्वतःचे नाव नाही असे नव्हे. आतल्या मजकुरात ते आहे. परंतु राज्याच्या शिक्क्यावर स्त्रीला उभे राहायचे तर कोणा पुरुषाकडे बोट दाखवावे लागे. दारावरचा तो पहारा होता.

आता ह्याच बाईची हुशारी पहा. आतल्या मजकुरात तिने वंशावळ दिली आहे. कोणाची? सासरची नव्हे. ती माहेरच्या गुप्तांपासून आरंभ करते, पणजा, आजा, बाप असे ओळीने सांगते आणि मग रुद्रसेनाची पट्टराणी म्हणून स्वतःला जोडते. वाकाटकांचे गोत्र विष्णुवृद्ध. ती आपले गोत्र धारण असे सांगते, म्हणजे माहेरचे. लग्नाने मुलीचे गोत्र बदलते हे आपण आजही लग्नमंडपात ऐकतो. सोळाशे वर्षांपूर्वी विदर्भाची सत्ता हाती असलेल्या एका बाईने राजपत्रात आपले माहेरचे गोत्र कोरून ठेवले, ही गोष्ट शिक्षकांनी मुलींना अवश्य सांगावी.

ह्याचा अर्थ ती आजच्या अर्थाने बंडखोर होती असे मात्र समजू नये. माहेर बलाढ्य होते, ते नाव घेतल्याने वचक राहत होता. पण आलेल्या दारातून आत शिरून तिने ते दार थोडे रुंद केले, इतके निश्चित. पुढे धाकटा मुलगा दुसरा प्रवरसेन राजा झाला. त्याच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षी दिलेला प्रभावतीचा आणखी एक ताम्रपट अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला सापडला. हेच ते गोविंदप्रभूंचे, महानुभावांचे रिद्धपूर. मुलगा राज्यावर आहे, कर्ता आहे, तरी आई आपल्या नावाने दानपत्र देते आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी नागपुरात राहून ह्या वाकाटक लेखांचा आयुष्यभर अभ्यास केला. त्यांचा कोरीव लेखांचा मोठा ग्रंथ १९६३ साली प्रसिद्ध झाला. तरीसुद्धा वाकाटकांच्या राजांची यादी आपण पाठ करतो तेव्हा नावे येतात ती बहुधा पुरुषांचीच. प्रभावतीची ओळख 'पालक' म्हणून येते. तेरा वर्षे आणि त्याहून अधिक काळ राज्य करणारा पुरुष असता तर त्याला आपण पालक म्हटले असते काय?

आता बारा शतके ओलांडून पुढे येऊ, कारण त्यानंतरची एक राणी आपल्या वऱ्हाडाशी थेट जोडलेली आहे. तिचे नाव चांदबिबी. अहमदनगरच्या निजामशहाची लेक, विजापूरच्या अली आदिलशहाची बेगम. १५८० साली नवरा मारला गेला. तिने लहान पुतण्याच्या नावाने विजापूर सांभाळले. पुढे माहेरी अहमदनगरला आली. १५९५ च्या अखेरीस अकबराचा मुलगा मुराद याने शहराला वेढा घातला, तेव्हा भावाच्या नातवाच्या, बहादूरच्या नावाने तिने किल्ला लढवला. तटाला पडलेले खिंडार तिने रातोरात बुजवून घेतले. वेढा उठला, पण तह झाला, आणि १५९६ च्या त्या तहात वऱ्हाड मोगलांना द्यावा लागला.

आपल्या जिल्ह्याच्या दृष्टीने ह्याचा अर्थ काय? अबुल फझलने अकबराच्या राज्याची जी मोठी नोंद केली तिच्यात वऱ्हाड सुभ्याखाली कळंब आणि माहूर ही सरकारे आहेत. चिंतामणीचे तेच आपले कळंब. आपल्या बापजाद्यांचा सारा अहमदनगरच्या खजिन्यात जायचा तो मोगलांकडे जाऊ लागला, तो एका बाईने केलेल्या तहामुळे. राजे असे तह करीतच आले; मुलूख देऊन गादी वाचवणे ही राजकारणातली नेहमीची चाल. परंतु १६०० साली पुन्हा वेढा पडला, तिने पुन्हा वाटाघाटीचा विचार बोलून दाखवला, आणि तिच्याच लोकांनी फितुरीचा बोभाटा करून तिला ठार मारले. त्यानंतर थोड्याच दिवसांत अहमदनगर पडले. दुसऱ्याच्या नावाने राज्य करणाऱ्याच्या पाठीशी स्वतःचे असे बळ थोडे असते, हे ह्या कथेतून दिसते.

आणखी जवळ येऊ. पैनगंगेच्या पलीकडे माहूर. रेणुकेच्या यात्रेला आपल्याकडून किती माणसे जातात! त्या माहूरच्या देशमुखांच्या घरात सतराव्या शतकात एक विधवा बाई होती. लहान मुलाच्या नावाने तिने जहागीर आणि फौज सांभाळली, मोगलांची चाकरी पत्करली. बादशाही दरबारातून तिला रायबागन, म्हणजे वाघीण, असा किताब मिळाला. १६६१ साली कारतलबखान कोकणात उतरत असता उंबरखिंडीत शिवाजी महाराजांच्या माणसांनी त्याला कोंडला. तेव्हा ही रायबागन त्या मोगली फौजेत होती. आता लढण्यात अर्थ नाही, शरण जावे, असा सल्ला तिने दिला, आणि खानाने तो ऐकला. ती स्वराज्याच्या विरुद्ध बाजूला होती, हे खरे. पण हजारो माणसांचे प्राण वाचवणारे शहाणपण त्या खिंडीत कोणाजवळ होते, हेही तितकेच खरे.

वणीकडून वर्धा नदी ओलांडली की चांद्याचा मुलूख लागतो. तिथे अठराव्या शतकाच्या आरंभी गोंड राजा बीरशाह मारला गेला. त्याला मुलगा नव्हता. राणी हिराईने रामशाहला दत्तक घेतले आणि तो मोठा होईपर्यंत राज्य चालवले. चंद्रपुरातल्या गोंड राजांच्या समाध्यांत सर्वांत मोठी समाधी बीरशाहची आहे, आणि ती हिराईने बांधली. नवऱ्याच्या नावाने दगड उभा राहिला. बांधणारीचे नाव लोकांच्या तोंडी राहिले.

त्याच सुमारास तिकडे सह्याद्रीत ताराबाई लढत होत्या. १७०० साली राजाराम महाराज वारले, आणि लहानग्या शिवाजीच्या नावाने पंचविशीच्या ह्या बाईने औरंगजेबाशी सात वर्षे युद्ध चालवले. १७०७ साली औरंगजेब मेला, मराठ्यांचे राज्य बुडाले नाही. पण आईच्या दाराला एक खोट असते. तुम्ही ज्याच्या नावाने बसता त्याच्याहून थोर हक्काचा कोणी आला की तुमचा हक्क संपतो. शाहू महाराज सुटून आले आणि सरदार एकेक करून तिकडे गेले.

मग ह्या सगळ्यात तिसरे दार कोणी उघडले? अहिल्याबाई होळकरांनी. ती कथा ठाऊक असली तरी ह्या नजरेने पुन्हा पहा. नवरा १७५४ साली कुंभेरीला पडला. सासरे मल्हारराव १७६६ साली गेले. मुलगा मालेराव गादीवर बसला आणि १७६७ साली तोही गेला. आता नवरा नाही, सासरा नाही, मुलगा नाही. दिवाण गंगाधर यशवंत यांनी सुचवले की एखादे मूल दत्तक घ्यावे. म्हणजे पुन्हा तेच आईचे दार, आणि कारभार दिवाणाच्या हाती. अहिल्याबाईंनी ते मानले नाही. राज्य मी चालवीन, ह्यावर त्या ठाम राहिल्या. पेशव्यांची मान्यता मिळाली. तुकोजी होळकरांनी फौज सांभाळली आणि बाईंनी १७९५ पर्यंत, अठ्ठावीस वर्षे, महेश्वराहून राज्य केले. घाट, धर्मशाळा, विहिरी हे त्यांचे पुण्यकर्म आपण आठवतो. परंतु त्या दत्तकाला दिलेला नकार हाही त्यांच्या कर्तृत्वाचा भाग आहे, आणि तो पाठ्यपुस्तकांतल्या घाटांइतका आपल्या ध्यानात राहत नाही.

हे दार पुढे उघडे राहिले काय? भोपाळमध्ये १८१९ पासून १९२६ पर्यंत एकीमागून एक चार बेगमांनी राज्य केले. उलट आपल्या नागपुरात काय झाले पहा. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले. वाड्यात राण्या होत्या, वयोवृद्ध बाकाबाई होत्या, आणि दत्तकाची जुनी रीत होती. लॉर्ड डलहौसीने ते काही मानले नाही आणि राज्य खालसा केले. वाड्यातले जडजवाहीर लिलावाला गेले. त्याच १८५३ साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला होता. म्हणजे एका वर्षात इकडचा आणि तिकडचा दोन्ही विदर्भ नव्या सत्तेखाली आला. स्त्रीला कोणाच्या तरी नावाने का होईना, राज्य मिळण्याची जी वाट होती तीही इथे बुजली.

आणि राजकारणात वाट बुजली असता कल्पनेत ती उघडली गेली. १९०५ साली बंगालच्या बेगम रोकेया यांनी 'सुलतानाज ड्रीम' ही छोटी कथा इंग्रजीत लिहिली. मद्रासच्या एका स्त्रियांच्या मासिकात ती छापली गेली. त्या कथेतल्या देशात पुरुष पडद्याआड घरात राहतात आणि बाहेरचा सारा कारभार स्त्रिया पाहतात. राज्यावर राणी आहे. तिथे सूर्याच्या उष्णतेवर स्वयंपाक होतो, ढगांतून पाणी ओढून घेतात. नवनाथांतल्या स्त्रीराज्याशी ह्याची तुलना करा. इथे कोणी नाथ किंवा अर्जुन येऊन राज्य संपवीत नाही. राणी काय करते, राज्य कसे चालते, हेच कथेत आहे. ताऱ्यांच्या साम्राज्यांची कथा लिहिणाऱ्या थोरामोठ्यांच्या कितीतरी आधी आपल्याच देशातल्या एका पडद्यातल्या बाईने हे लिहिले.

त्यापुढचे पाऊल १९६९ साली अर्सुला ले ग्विन या अमेरिकन लेखिकेने टाकले. 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस' ह्या कादंबरीतल्या ग्रहावर माणसे कायमची स्त्री किंवा पुरुष नसतातच. तिथला राजाच गरोदर राहतो! हसू येईल, पण मग आईचे दार आणि बापाचे दार असा भेदच उरत नाही. २०१३ साली अ‍ॅन लेकी यांची 'अ‍ॅन्सिलरी जस्टिस' ही कादंबरी आली. तिच्यातल्या तारासाम्राज्याच्या भाषेत 'तो' आणि 'ती' असा फरक नाही. इंग्रजीत सांगताना लेखिकेने सर्वांना, सम्राटालाही, 'ती' म्हटले आहे.

शिक्षकहो, ही कादंबरी मराठीत आणायची तर काय होईल, ह्याचा विचार व्याकरणाच्या तासाला मुलांकडून करवून घ्या. आपल्या भाषेत कर्ता सांगितला नाही तरी क्रियापद चुगली करते. 'मी हुकूम देतो' म्हटले की पुरुष, 'मी हुकूम देते' म्हटले की बाई. आदरार्थी बोलून सुटका नाही. 'आले' आणि 'आल्या' असतातच. 'राणी' म्हणावे तर तिचा एक अर्थ राज्य करणारी आणि दुसरा अर्थ राजाची बायको. २००७ साली प्रतिभाताई पाटील देशाच्या सर्वोच्च पदावर आल्या, तेव्हा 'राष्ट्रपती' ह्या शब्दातल्या 'पती'ला काय करावे, ह्याची चर्चा झाली. 'सरपंच' हा शब्द मात्र चांगला आहे. त्यात नवराही नाही आणि बायकोही नाही.

आणि इथेच आपण आपल्या गावाच्या दारात आलो. १९९३ साली त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती अमलात आली आणि पंचायतींत एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखल्या गेल्या. महाराष्ट्राने २०११ साली त्या निम्म्या केल्या. आज आपल्या जिल्ह्यात कितीतरी गावांच्या पाटीवर सरपंच म्हणून बाईचे नाव आहे. ते कोणाची लेक किंवा कोणाची आई म्हणून नाही, तर निवडून आलेली म्हणून. पडद्यावरच्या अमिडाला राणीची जी कल्पना, ती आपल्या वावरातून घरी येणाऱ्या बाईच्या नावाने कायद्याच्या पुस्तकात आली आहे. हे तिसरे दार.

पण खुर्चीकडे नीट पहा. कागदावर बाई, खुर्चीत तिचा नवरा, आणि गावात त्याचेच नाव सरपंच, असे दृश्य तुम्हीही पाहिले असेल. त्याला लोकांनी 'सरपंचपती' असा शब्दही घडवला आहे. प्रभावतीच्या मुद्रेवर युवराजाचे नाते कोरल्याशिवाय हुकूम चालत नव्हता. आज शिक्क्यावर बाईचे नाव आहे आणि हुकूम दुसऱ्याचा आहे. सोळाशे वर्षांत मुद्रा उलटी झाली, एवढेच म्हणायचे काय? तिने निदान शिक्का आपल्या हाती ठेवला होता.

शिक्का हाती राहायचा तर पायाखाली जमीन लागते. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाप्रमाणे हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला आणि सबंध देशाने २००५ साली. त्याआधी शेतकरी संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती'ची हाक दिली होती की शेतकऱ्याने आपल्या जमिनीचा वाटा घरच्या लक्ष्मीच्या नावे करावा. ज्या बाईचे नाव सातबाऱ्यावर आहे तिचा आवाज ग्रामसभेत निराळा येतो, हे सांगायला पोथीची गरज नाही.

एक शेवटची गोष्ट. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्षस्थानी अरुणा ढेरे होत्या. उद्घाटन कोणी केले, आठवते ना? आपल्याच जिल्ह्यातल्या, आत्महत्या केलेल्या एका शेतकऱ्याच्या पत्नीने. तिला व्यासपीठावर आणणारे दार जुनेच होते, वैधव्याचे. पण तिथे उभी राहिल्यावर ती आपल्या शब्दांत बोलली, आणि सगळ्या महाराष्ट्राने ऐकून घेतले. प्रभावतीनेही तेच केले होते. दुःखाने उघडलेल्या दारातून ती आत आली आणि माहेरचे गोत्र कोरून गेली.

म्हणून वाचकहो, मागणे एवढेच. शाळेतली मुले ताऱ्यांच्या राज्यांची गोष्ट लिहितील तेव्हा त्यांना विचारा, तुझ्या गोष्टीतली राणी कोणाच्या नावाने राज्य करते? आणि पुढच्या ग्रामसभेला जाल तेव्हा सरपंचबाईंच्या खुर्चीत त्या स्वतः बसल्या आहेत ना, हे पहा. नसतील तर त्यांना जागा करून द्या. ताऱ्यांवरचे राज्य यायला अजून पुष्कळ अवकाश आहे. ग्रामसभा मात्र लवकरच आहे.